दुधाचा खर्च

पाळणाघरासाठी देणगीदार संस्थेकडे अंदाजपत्रक पाठवायचं होतं. खर्च काही केल्या मर्यादेत बसेना, तेव्हा माईंच्या मैत्रिणीनं मुलांच्या दुधावर काट मारायला पेन उचललं.

"त्यापेक्षा माझा पगार काढ," माई म्हणाल्या. "लेकरांच्या तोंडचं नको काढूस बाई."

"वेडी आहेस अगदी!" मैत्रिणीला गहिवरून आलं. दोघींनी तरुणपणी पदरमोड करून उभं केलेलं पाळणाघर होतं ते.

मंजुरी आल्याचं कळलं तशा माई दुसऱ्या दिवशी लवकरच पोचल्या. त्यांच्या खुर्चीत मैत्रिणीची सून बसली होती, मांडीवर रडतं पोर घेऊन.

 

"अगं, फुकट राबवून घेतलेलं देणगीदारांना चालत नाही म्हणे," मैत्रीण हसून म्हणाली. "त्यांनी पगार घालूनच दिलाय, मग म्हटलं, घरातलंच माणूस बरं!"