घराण्याचा पाळणा

"मॅडम, लिलावाच्या वस्तूंना हात लावायचा नाही!" हॉलवरचा माणूस ओरडेपर्यंत केतकीने तान्ह्या लेकीला सासरच्या चांदीच्या पाळण्यात निजवलंही होतं.

सासूबाई तरातरा आल्या. "उचल तिला आधी! या पाळण्यात आमच्या घराण्याचे फक्त मुलगे निजलेत, म्हणून तर गिऱ्हाइकं एवढी जमलीत."

"आणि आज तो विकलात, की हिचं बारसं कशात करायचं?" केतकीचं बोलणं धीट होतं, पण पाळण्याची नक्षीदार कड पोरीला लागू नये म्हणून तिने तळहात आड धरला होता. मुलगी झाली म्हणून सासरच्यांनी बारसंच टाळलं होतं.

ती नणंदेकडे वळली. "वन्सं, कानात नाव सांगायचा मान आत्याचा."

"भावाला मुलगा होऊ दे, मग सांगेन." नणंदेने तोंड फिरवलं.

"बरं." केतकी वाकली. लेकीच्या कानात तिने स्वतःच नाव सांगितलं, मग सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं पुन्हा उच्चारलं, "इरावती!"

पाळण्यात मुलगी पाहून पुढच्या रांगेतले दोघे उठून गेले.

"किंमत पाडलीस गं भवाने!" सासूबाई किंचाळल्या.

"पडू दे," म्हणत केतकीने पाळण्याला झोका दिला.