पाटीला हात

रांजणीला गाडी थांबते न थांबते तोच डब्याच्या दारात दह्याच्या गाडग्यांची एक पाटी आली आणि पाटीखालून आवाज आला, “हात लावा गं बाई, जल्दी.”

आत बसलेल्या बायनाबाईनं हात लावला. रोज दही घेऊन जालन्याला जाणाऱ्या बायकांना हे शिकवावं लागत नाही. डोक्यावरच्या ओझ्याला हात द्यायचा, मग ते वैरिणीचं का असेना, अशी रीतच आहे. पाटी आत आली आणि मागून धापा टाकत चढली ती आसराबाई, तिची विहीण. बायनाबाईचे हात पाटीवर तसेच राहिले. आधी तोंड दिसलं असतं तर दह्यासकट पाटी रुळावर गेली असती.

मागच्या पौषात सारजानं, बायनाबाईच्या लेकीनं, ओल्या जळतणाची मोळी बांधली होती. सातवा महिना होता. सासू, हीच आसराबाई, बांधावर उभी होती. पोरीनं हात मागितला, तर ती म्हणाली, माहेरी गडी ठेवलेत का तुझ्या मोळ्या उचलायला? सारजानं एकटीनं मोळी उचलली आणि आठवड्याच्या आत पोटातल्या बाळासकट गेली. घरात सून राहिली नाही, म्हणून आता सासूच दही विकायला निघाली होती.

जालना येईस्तोवर दोघी समोरासमोर बसल्या. आसराबाई खिडकीबाहेर बघत होती. बायनाबाई तिच्याकडे बघत होती, अगदी पोटभर. देव एक दिवस दाखवतो म्हणतात, तो इतक्या सकाळी दाखवील असं तिला वाटलं नव्हतं.

जालन्याला सगळ्याजणी उतरल्या. फलाटावर एकमेकींच्या पाट्या डोक्यावर चढवू लागल्या. बायनाबाईच्या पाटीला हात लावायला एकजण आली, तर तिनं तिला हसून वाटेला लावलं. म्हणाली, तुमी व्हा फुडं, आमी इहिणी इहिणी येतो. हमाल मालधक्क्याकडे वळले. तुर्की टोपीवाल्या गार्डानं झेंडी दाखवली आणि गाडी गेली. फलाटावर दोन पाट्या राहिल्या आणि या दोघी.

“लावता का हात, इहीनबाई?” आसराबाई खाली बघत म्हणाली.

“न्हाई.”

आसराबाईनं पाटी एकटीनं धरली. कशीबशी गुडघ्यापर्यंत आणली. गाडगी एकमेकांवर आपटली. बायनाबाई डोळ्याचं पातं लवू न देता बघत होती. हेच तर तिला बघायचं होतं. पण बघता बघता त्या वाकलेल्या पाठीच्या जागी तिला सारजाची पाठ दिसली. पोरगी अशीच वाकली असेल. तरी तिनं हात पुढे केला नाही.

पाटी धपकन खाली आली. एक गाडगं कलंडलं. आसराबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि बायनाबाईच्या पाटीकडे पाहिलं.

“मंग तुमची कोण उचलील?”

बायनाबाईनं हे आधीच जोखलं होतं. तिनं डोक्यावरची चुंबळ काढली, सोडली, फडकं झटकून फलाटावर अंथरलं आणि पाटीला टेकून बसली.

“दोघींचंबी आंबू द्या,” ती म्हणाली.

ऊन हळूहळू पाट्यांवर येत होतं.