चाळीस सोनेरी पुस्तकं

बाळांनो, अशी एक बैठकीची खोली डोळ्यांसमोर आणा, जिथल्या उशा टेकायला नाहीत, नुसत्या बघायला आहेत. त्या घरातल्या आईने मासिकातलं चित्र पाहून भिंतीवरच्या फळ्यांसाठी चाळीस जाडजूड पुस्तकं मागवली. बाहेरून सोनेरी अक्षरं आणि आतून नुसती पोकळ खोकी!

"अगं आई, यात पानंच नाहीत!" नुकतीच वाचायला शिकलेली धाकटी ओरडली.

"तेच तर बरं. वाळवी लागायची भीती नाही. आणि तुझी ती फाटकी गोष्टींची पुस्तकं उद्या रद्दीत घालणार आहे मी. पाहुण्यांसमोर नुसती शोभा होते."

"पण माझ्या कितीतरी गोष्टी वाचायच्या राहिल्यात!"

"वाचत काय बसतेस? आपलं घर वाचणाऱ्यांचं दिसलं पाहिजे." बाबांनीही मान डोलावली. तेवढं त्यांना छान जमायचं.

मग दोघं मिळून पुस्तकांच्या सोनेरी रंगाला साजेशी फुलदाणी शोधायला बाजारात गेले.



धाकटीने स्टूल ओढलं, एकेक सोनेरी खोकं उघडलं आणि त्यात आपलं एकेक फाटकं पुस्तक लपवून झाकण घट्ट लावून टाकलं.