शेवटची तपासणी

न्यायाधीशबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि चष्मा काढला. रणवीरच्या लघवीत नशेची पावडर सापडली होती.

वर्षापूर्वी फतेगंजमध्ये तो पुडीसकट पकडला गेला, तेव्हा याच बाईंनी त्याला तुरुंगाऐवजी उपचार केंद्रात धाडलं होतं. वर्षभर उपचार, दर महिन्याला तपासणी, आणि पाय घसरला तर सरळ आत. रणवीर अकरा तपासण्यांतून पार पडला. सुरुवातीचे दिवस त्यानं भिंतीवर डोकं आपटून काढले, पण काढले. ही बारावी, शेवटची.

मागच्या बाकावर वडील उदयसिंहराव ताठ बसले होते. शेजारी धाकटा समरजित, गोरव्याच्या कारखान्यात सुपरवायझर, घरातला गुणी मुलगा.

खरं तर रणवीरनं वर्षभर नशेला हात लावला नव्हता. पण मागच्या आठवड्यात त्याला खोकला झाला आणि आईनं मायेनं घरातलं जुनं औषध पाजलं. त्यात नशेचा अंश असतो, हे त्याला नंतर कळलं. केंद्रात खरं सांगून मोकळं व्हायचं, तर हा पठ्ठ्या घाबरला आणि बाटलीत समरजितची लघवी घेऊन गेला. आगीतून फुफाट्यात पडला.

"बोल बेटा, कंई कहेवुं छे?" काही सांगायचं आहे का, असं बाईंनी गुजरातीत विचारलं.

रणवीरनं वळून भावाकडे पाहिलं. समरजितची मान खाली गेली होती.

"साहेब, ए सॅम्पल मारुं नथी. मारा भाईनुं छे."

लघवी आपली नाही, भावाची आहे, असं सांगितलं तर कोर्टाला फसवल्याबद्दलही तुरुंग होऊ शकतो, हे त्याला ठाऊक होतं. तरी तो बोलला. समरजित उठला आणि आपणही चोरून पावडर घेतो, हे त्यानं हुंदके देत कबूल केलं. बाईंनी रणवीरला चांगलं झापलं, त्याचे उपचार सहा महिने वाढवले आणि समरजितला आजच्या आज त्याच केंद्रात दाखल व्हायला सांगितलं. अशा न्यायाला हात जोडावेत.

बाहेर येताच उदयसिंहरावांनी रणवीरची कॉलर धरली. "स्वतः सुटायला सख्ख्या भावाला अडकवलंस?"

रणवीरनं कॉलर सोडवून घेतली नाही.

"मी गप्प बसलो असतो तर तुरुंगात गेलो असतो, आबा. आणि कधीतरी परत आलो असतो. हा या नशेतून परत आला नसता."