एंटरवरचं बोट

सासऱ्यांचा लाडका पत्त्यांचा डाव नव्या सिस्टिमवर उघडेना, म्हणून सुनेने घरच्या कॉम्प्युटरवर जुनी आणि नवी, दोन्ही ठेवल्या. सुरू करताना पडद्यावर दोन्हींची यादी काही सेकंदच दिसे; तेवढ्यात काहीच दाबलं नाही, तर सासऱ्यांची जुनी आपोआप उघडायची. सुनेला मात्र रोज कामाला बसताना डोळ्यांत तेल घालून बाणाने आपली नवी निवडावी लागे, मग एंटर. जरा नजर हटली की पहिले पाढे पंचावन्न!

“अगं, तुझीच आपोआप लाव की,” सासरे म्हणाले.

“राहू द्या, बाबा. माउस सोडला तर कीबोर्डच्या कळा म्हणजे तुम्हाला विंचू वाटतात.”

दुसऱ्या दिवशी तिला स्वयंपाकघरातच उशीर झाला. धावत येऊन पाहते तो काय, पडद्यावर तिची नवी सिस्टिम हजर! समोर सासरे, एंटरवर बोट घट्ट दाबून बसलेले.

“सोडू का गं आता?”