पहाटेचा घोट

पहाटे गजर झाला, तेव्हा रात्रभर खेपा घालून दमलेल्या दत्तारामांचा नुकताच डोळा लागला होता. पोट साफ करायचं अर्धं औषध त्यांनी संध्याकाळी घेतलं होतं. उरलेलं आता घ्यायचं होतं. सकाळी गिळायच्या यांत्रिक मासोळीला आतडं स्वच्छ लागे. आत फिरून ती गाठी शोधायची, लहान असल्या तर तिथंच खुडायची. पण शरयूताईंना नवऱ्याची दया आली. त्यांनी गजर बंद केला.

सकाळी मासोळीला आतड्यात उजवीकडे नुसता गढूळपणा दिसला. “तपासणी अपुरी, पुन्हा करा,” असं तिनं कळवलं.

“गजर मीच बंद केला हो,” शरयूताई ओशाळून म्हणाल्या.

“असू दे. पुढच्या वर्षी बघू.”

पुढच्या वर्षी तिथंच गाठ निघाली, मासोळीच्या आवाक्याबाहेरची. आजार यकृतापर्यंत पोचला होता.

“तेव्हा ही मुगाएवढी असेल,” गेल्या वर्षीचा अहवाल बघून डॉक्टरीणबाई हळहळल्या. “पहाटेचं औषध कसं राहिलं?”

शरयूताई बोलणार, तोच दत्तारामांनी त्यांचा हात दाबला.

“हिनं उठवलं होतं. मीच उठलो नाही.”

दत्तारामांनी चारचौघांत बोल लावला असता, तर शरयूताईंना तो सोसला असता.