नव्यांच्या सुट्ट्या

वैमानिक संघटनेचे अध्यक्ष हार्लन तीन वर्षं विमान कंपनीशी करारासाठी झगडत होते. मिनियापोलिसच्या हॉटेलात दोन्ही बाजू वेगवेगळ्या खोल्यांत बसल्या होत्या आणि सरकारी मध्यस्थ बाई निरोपांची ने-आण करत होत्या.

"नव्या वैमानिकांच्या सुट्ट्यांचा हट्ट सोडा, कंपनी आजच सही करतेय," त्या म्हणाल्या.

"पोरांना शब्द दिलाय मी. तो मोडून सही करणार नाही," हार्लन म्हणाले.

दुपारी संघटनेचा चिटणीस डेल मान खाली घालून आला. "हार्लन, तुला हटवायचा अर्ज आलाय. झाडून सगळ्या नव्या वैमानिकांच्या सह्या आहेत."

वर्षापूर्वीच कंपनीत वैमानिक म्हणून लागलेल्या आपल्या मुलीला हार्लननी फोन लावला. "कुणी लिहिला गं हा अर्ज?"



"मीच, बाबा. आम्हाला करार हवाय, आणि तुम्ही मध्ये येताय."